पहिला ठोका

"मला एका म्हाताऱ्याला तुरुंगात गेलेलं बघायचंय," एवढं बोलून झाल्यावर ती बाई खुर्चीत बसली.

नौपाड्यातल्या चष्म्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत येणारी माणसं साधारणपणे उलट वागतात. आधी बसतात, पाणी पितात, पार्किंगला शिव्या देतात आणि मग मुद्द्यावर येतात. समृद्धी गुप्तेने हातातलं पेन खाली ठेवलं.

समृद्धीचा हेरगिरीचा धंदा तसा उशिराचा. त्याआधी ती गुराढोरांचे डॉक्टर घडवणाऱ्या कॉलेजात शिकवायची. रक्त कसं फिरतं, श्वास कसा चालतो, म्हैस रवंथ का करते, असले विषय. शरीर कधी थापा मारत नाही, माणूस मारतो, हे लक्षात आल्यावर तिला माणसांत जास्त रस वाटू लागला. तिच्या जोडीला पोपटराव जाधव. निवृत्त हवालदार, मूळचे कराडकडचे, मनाने लाख माणूस. डोकं मात्र सावकाश चालणारं, आणि एकदा चालू लागलं की हमखास चुकीच्या गल्लीत शिरणारं.

"नाव?" पोपटरावांनी विचारलं.

"माझं की त्याचं?"

"दोघांचं सांगा की."

"मी रुचिता शिंदे. माहेरची भोईर. मानपाड्याच्या मागे आमचं गावठाण आहे. त्याचं नाव धोंडीबा म्हात्रे. त्याने माझ्या भावाला मारलं. देवेशला."

तिने सांगितलेली हकीकत अशी. गावदेवीची जत्रा माघात असते. पालखी निघण्याआधी गावातला एक जण तळ्यात बुडी मारतो आणि तळाचा मूठभर गाळ घेऊन येतो. त्या गाळावर देवीचा दिवा ठेवतात. गाळ आणणारा वर्षभर गावाचा मानकरी, आणि तळ्याबद्दल काहीही ठरवायचं झालं तर त्याचा शब्द शेवटचा. तो मान गेली काही वर्षं देवेशकडेच होता. या जत्रेत देवेश खाली गेला तो वर आलाच नाही. शेवटी रुचिताच्या नवऱ्याने, मयूरने, उडी मारून त्याला बाहेर काढलं.

"डॉक्टर काय म्हणाले?" समृद्धीने विचारलं.

"बुडून मृत्यू. अंगावर ओरखडा नाही, दारू नाही. व्हिसेरा तपासायला गेलाय, रिपोर्ट कधी येईल देव जाणे."

"मग यात धोंडीबा कुठे आला?"

"तो देवेशचा गुरू. बुडीच्या आधी हळदीच्या पाण्याचा तांब्या तोच देतो. त्यात काहीतरी घातलेलं. आणि जत्रेच्या आधी तो देवेशवर ओरडलेला, सगळ्या आळीने ऐकलंय. 'असा जाशील तर परत येणार नाहीस' म्हणाला."

पोपटरावांनी मान डोलावली. त्यांच्या दृष्टीने केस संपली होती.

"बुडताना देवेशने हातपाय मारले?"

"नाही ना! इतका पट्टीचा पोहणारा, गुंगी असल्याशिवाय असा गपचूप बुडेल? वर धड एक बुडबुडा नाही आला. मयूर म्हणतो, तो तळाशी मांडी घालून बसल्यासारखा होता."

"हातात गाळ होता?"

"काय?"

"मूठ. काढलं तेव्हा मुठीत गाळ होता का?"

"नव्हता. दोन्ही हात रिकामे होते."

"तळाशी बसलेला माणूस, आणि ज्याच्यासाठी गेला तो गाळच घेतला नाही," समृद्धी स्वतःशीच म्हणाली. "व्हिडिओ असेल ना कुणाकडे?"

"मीच काढलाय. रोज बघते." तिने फोन पुढे केला. "पायऱ्या उतरताना आईला म्हणाला, 'आलोच गं आई.' तेच शेवटचं."

समृद्धीने व्हिडिओ आपल्या फोनवर घेतला. "तुम्ही इथे आलात हे तुमच्या मिस्टरांना माहीत आहे?"

"नाही. तो म्हणतो पोलिसांवर सोड, आईला आणखी त्रास नको. त्याचं बरोबरच आहे. देवेशवर त्याचा किती जीव होता! पण रविवारी गावाची बैठक आहे. धोंडीबाला गाव सोडायला लावणार आहेत. पोरं तर म्हणतात, हातपाय तोडूनच पाठवू. त्याआधी मला खात्री हवीय, मॅडम. माझ्या भावाला कोणी मारलं याची."

---

धोंडीबाचं घर शोधावं लागलं नाही. ज्या घराच्या काचा फुटलेल्या आणि दारात दगड पडलेले, ते त्याचं. मागे तळं, आणि तळ्याच्या तिन्ही बाजूंनी वाकून बघणारे टॉवर.

म्हातारा उन्हाने रापलेला, तरुणपणी मिठागरात राबलेला. पोपटरावांचा थाट पाहून त्याने विचारलं, "पोलीस?"

"नाही," समृद्धी म्हणाली.

"मग चा घ्या."

चहा होईपर्यंत तिने काही विचारलं नाही. मग म्हणाली, "बाबा, बुडीची रीत काय असते ते सांगा. मी काहीच जाणत नाही असं समजा."

"देवलान एकटा बसायचा, शांत. मग हलदीचा पानी तोंडान भरायचा. तसाच, तोंड मिटून, शेवटच्या पायरीवर यायचा. तिथं चूळ टाकायची, एक श्वास घ्यायचा आन् खाली."

"पाणी तोंडात कशाला?"

"बापाना सांगला म्हनून. बापाला त्याचे बापाना." याहून वेगळं कारण असू शकतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

"आणि खाली गेल्यावर?"

धोंडीबाने बरगड्यांच्या खाली हात ठेवला. "तलाशी बसायचा. मंग इथं ठोका पडतो. पोट आपोआप उडतो. देवी आई दार वाजवते म्हनताव आमी. पहिला ठोका पडला का गाल उचलायचा. दुसऱ्याला वर निघायचा. तिसरा पान्यान खायचा नाय."

"पहिल्या ठोक्याआधी गाळ उचलला तर?"

"अरे देवा! आईनं हो म्हनायच्या आधी? ती चोरी झाली. आमचा मानूस तसा करनार नाय, देवेश तर नायच."

"त्याच्यावर ओरडलात का?"

म्हाताऱ्याचे डोळे भरले. "ओरडलो. रीत मोडाया निघालता. बोलला, बाबा, आता नवीन शास्त्र हाय, जास्त वेल खाली राहता येते. मी बोललो, असा जाशील तर परत येनार नाय. शाप नाय दिला गो बाय. सांगनं होता."

"नवीन शास्त्र कोणी शिकवलं?"

"नाव नाय घेतला. मीच पुढं ऐकला नाय."

"त्या दिवशीचा तांब्या कुठे आहे?"

"देवलान भरलेला होता, तसाच मिलाला. पानी पिंपलाला वतला."

बाहेर पडल्यावर पोपटराव दबक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, पुरावा नष्ट! पिंपळाला ओतला म्हणजे काय?"

"पिंपळ हिरवागार आहे, पोपटराव," समृद्धी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

देवेशची आई कलावती ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. सुपातला तोच तोच खडा ती उचलून पुन्हा ठेवत होती. देवेशला काही दुखणं होतं का, असं विचारल्यावर तिने बराच विचार केला.

"दुखना नाय. पन मधी मधी हाताला मुंग्या यायच्या. ओठ बधिर व्हायचं. एकदा शर्टाचा बटन लावताना बोटा अशी वाकडी झाली. मी खोबरेल चोललं. नाचनीची भाकर दिली. वाटला, अशक्तपना."

"रोज व्हायचं?"

"नाय. जावय पोहाया शिकवतो त्या तलावावरशी पोहून आला का मंगच. तो आन् साईनाथ, दोघं जायचे ठान्याला."

साईनाथ हा देवेशचा चुलतभाऊ. जिममध्ये कमावलेले दंड, गळ्यात जाड चेन, आणि दोन पाण्याचे टँकर. एक तो धुवत होता.

"पटकन बोला, दिवा स्टेशनकडे गाडी न्यायचीय," तो म्हणाला. "हा, भांडलेलो मी देवेशशी. गेल्या वर्षी मी उतरणार होतो, गावाने परत त्यालाच दिलं. आता मीच उतरणार, मग काय? म्हणून मारला त्याला?"

"अजून कशावरून वाद होता?"

"तळ्याच्या काठची जमीन. टॉवरवाल्यांना तिथून रस्ता पाहिजे. जमीन देवेशच्या आणि रुचिताताईच्या नावावर. देवेश सही देईना, म्हणे तळं जाईल. मी बोललो दे ना, रस्ता झाला तर मलाच काम मिळेल. आता काय, त्याचा हिस्सा काकूचा, काकू देईल सही. ताई सांगेल तिथे काकू अंगठा उठवेल."

"तुम्ही बुडी मारणार तर आधी श्वास कसा घ्याल?"

"भसाभस! फुल ऑक्सिजन भरायचा. जितका भराल तितकं टिकाल. सिम्पल लॉजिक."

पोपटरावांनी समृद्धीला कोपर मारलं. तिने लक्ष दिलं नाही. "तो वर येईना तेव्हा तुम्ही कुठे होता?"

साईनाथने पाइप खाली ठेवला. "काठावरच. शर्ट काढलेला मी, उडी मारणार, तर मयूर भावोजींनी हात धरला. म्हणाले, थांब, रेकॉर्ड मोडतोय तो, मध्ये गेलास तर जळतो म्हणून गाव तुलाच बोलेल. थांबलो. झक मारली आणि थांबलो."

---

माजिवड्याच्या एका सोसायटीतला पोहण्याचा तलाव निळाशार होता, आणि त्यात दहा-बारा मुलं गोंधळ घालत होती. मयूर शिंदे काठावर शिट्टी घेऊन उभा होता. पाण्याखालून कोण लांब जातं, याची मुलांत शर्यत लागली होती. एक मुलगी काठाला धरून जोरजोरात श्वास घेऊ लागली. मयूरची शिट्टी कर्कश वाजली.

"ऋतिका! बाहेर!"

"सर, मी फक्त जास्त श्वास..."

"धापा टाकून पाण्याखाली जायचं नाही! किती वेळा सांगितलंय? आज बाहेर बस."

"याला म्हणतात शिस्त," पोपटराव खूश होऊन म्हणाले.

मयूर अदबशीर होता, आणि दुःखी दिसत होता. बायको आपल्याला न सांगता गुप्तहेराकडे गेली हे कळल्यावर क्षणभर त्याचा चेहरा उतरला, पण रागावला नाही. "तिचं दुःख मोठं आहे, मॅडम. तुम्ही तिला समजवा."

"तुम्ही देवेशला काय शिकवायचा?"

"शिकवणार काय? लांब पोहायला लावायचो, दम वाढावा म्हणून. बुडीबिडीचं आपल्याला काही कळत नाही. ते त्यांचं गावचं शास्त्र, धोंडीबाबांकडून शिकलेला तो."

"त्या दिवशी कोणी उडी मारायला उशीर केला?"

"साईनाथ नुसता पुतळ्यासारखा उभा राहिला. शेवटी मीच मारली." त्याने डोळे पुसले. "माझा धाकटा भाऊच होता हो तो."

परतताना पोपटरावांनी निकाल देऊन टाकला. "साईनाथ. हेतू आहे, तोंडाळ आहे, आणि वर सभ्य माणसावर ढकलतोय. नवीन शास्त्रही त्यानेच शिकवलं."

"चला, व्हिडिओ बघू," समृद्धी म्हणाली.

फोनच्या छोट्या पडद्यावर तळं, पायऱ्या आणि गर्दी. देवळाच्या उघड्या दारातून आत बसलेला देवेश दिसत होता. त्याची छाती भरभर वरखाली होत होती.

"घाबरलंय पोरगं," पोपटराव कळवळून म्हणाले.

चित्राच्या कडेला, काठावर, देवळाच्या समोर मयूर उभा होता. तळहात वर, तळहात खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली.

"जावई लोकांना गप्प करतोय बघा. तसा जबाबदार माणूस."

"आवाज वाढवा."

पोपटरावांनी वाढवला. ढोल बंद होते. कुठल्या तरी टॉवरमधल्या कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि एक कावळा.

"माझ्या मामाच्या गावातही हीच पद्धत," ते म्हणाले. "देवाचं काम सुरू झालं की ब्र काढायचा नाही."

व्हिडिओत देवेश उठला. पायऱ्या उतरताना आईकडे बघून 'आलोच गं आई' म्हणाला, शेवटच्या पायरीवर पाऊल टाकलं आणि थेट पाण्यात शिरला. समृद्धीने तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. मग फोन उलटा ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. उलगडा झाल्यावर ती एरवी पोपटरावांची टर उडवते. आज तिने काहीच केलं नाही. तिला त्या बाईची, रुचिताची, दया येत होती.

---

रविवारी बैठकीच्या आधी कलावतीच्या ओटीवर सगळे जमले. कलावती, रुचिता, मयूर आणि साईनाथ. धोंडीबा दाराबाहेरच उभा राहिला, कारण त्याला कोणी आत बोलावलं नाही. समृद्धीने बोलावलेले फौजदार शिवराम माने साध्या कपड्यात कोपऱ्यात बसले होते.

"सुरुवात पोपटरावांपासून करू," समृद्धी म्हणाली. "पोपटराव, पोटावर हात ठेवा आणि खुर्चीत बसून श्वास रोखा. सोसेल तेवढाच."

पोपटरावांनी गाल फुगवले. हळूहळू चेहरा लाल झाला. मग त्यांचं पोट एकदम आत उडालं आणि ते "आयला!" म्हणून धापा टाकू लागले.

"ठोका," दाराबाहेरून धोंडीबा पुटपुटला.

"बरोबर, बाबा. ठोका." समृद्धीने आपल्या मानेवर, कवटी संपते तिथे बोट ठेवलं. "इथे आत मेंदूचा देठ असतो. त्यात पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. श्वासाचा ठेका तो धरतो. माणूस असो, म्हैस असो, उंदीर असो की मांजर, पोराला दूध पाजणाऱ्या प्रत्येक प्राण्यात हा ठेका जन्मापासून मरेपर्यंत चालतो. झोपेत, बेशुद्धीतही. आपण थोडा वेळ श्वास रोखू शकतो, पण हा देठ शेवटी आपलं ऐकत नाही. तो पोटाच्या पडद्याला धक्का मारतो. तोच तुमचा ठोका."

"पण हा देठ प्राणवायू किती उरलाय ते फारसं बघत नाही," ती पुढे म्हणाली. "तो बघतो रक्तात घाण हवा किती साचली, कार्बन डायऑक्साइड. ती साचली की धक्का. एरवी यात काही बिघडत नाही, कारण घाण हवा आधी साचते आणि प्राणवायू संपतो नंतर. ठोका वेळेवर येतो."

"एरवी म्हणजे?" फौजदारांनी विचारलं.

"बुडीच्या आधी भसाभस श्वास घेतले तर नाही येत. साईनाथ, तुमचं लॉजिक चुकलं. भसाभस घेऊन प्राणवायू जेमतेम वाढतो, रक्त आधीच भरलेलं असतं. पण घाण हवा मात्र बरीचशी बाहेर जाते. देठाला वाटतं सगळं आलबेल आहे. तो गप्प बसतो. इकडे खाली प्राणवायू संपतो, आणि माणूस धोक्याची सूचना न मिळता बेशुद्ध होतो. ना धडपड, ना बुडबुडे."

समृद्धी रुचिताकडे वळली.

"देवेशच्या मुठी रिकाम्या का होत्या, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळत होता. तो तळाशी पोचला, बसला, गाळ मांडीखाली होता. तरी उचलला नाही. कारण तो पहिल्या ठोक्याची वाट बघत होता. बाबांचा चेला होता तो, परवानगीशिवाय हात लावणार नव्हता. गावाबाहेरचा कुणी असता तर ठोक्याची वाट न बघता गाळ उचलून कधीच वर आला असता. देवेशचा ठोक्यावर पूर्ण विश्वास होता, आणि ठोका आलाच नाही. बेशुद्ध झाल्यावर देठाने मात्र आपलं काम केलं. त्याने श्वास घेतला. पाण्यात."

कलावतीने पदर तोंडाला लावला.

"म्हणजे हळदीच्या पाण्यात काही नव्हतं?" रुचिताने विचारलं.

"देवेशने ते तोंडात घेतलंच नाही. तोंडात पाणी असतं तर 'आलोच गं आई' कसं म्हणाला असता? शेवटच्या पायरीवर त्याने चूळही टाकली नाही. तांब्या भरलेला राहिला, बाबा खरं बोलत होते. तोंडभर पाणी घेतलं की माणसाला धापा टाकता येत नाहीत. तुमच्या पूर्वजांनी यासाठीच ती रीत घातली असावी. देवेशने ती मोडली, कारण कोणीतरी त्याला धापा टाकायला शिकवलं होतं. हाताला मुंग्या, बधिर ओठ, वाकडी बोटं, ही सगळी अति श्वास घेतल्याची लक्षणं. आणि ती दिसायची कधी? माजिवड्याच्या तलावावरून आल्यावर."

"साईनाथपण यायचा तिथे," मयूर शांतपणे म्हणाला. "तो उघड सांगतो भसाभस घ्या म्हणून."

"सांगतो. मूर्खासारखा उघड सांगतो, कारण तो धोका आहे हे त्याला माहीतच नाही. उद्या स्वतःही तसाच उतरला असता आणि मेला असता. मी शोधत होते तो माणूस वेगळा. धोका जाणणारा." समृद्धीने फोन रुचिताच्या हातात दिला. "हा तुम्ही रोज बघता. आज देवेशकडे बघू नका. कडेला बघा. मयूर हाताने काय करतोय?"

"लोकांना शांत..."

"आवाज ऐका. ढोल बंद आहेत, कोणी चकार शब्द काढत नाही. तो कुणाला शांत करतोय?"

रुचिताने पाहिलं. तळहात वर गेला, दारातल्या देवेशची छाती वर आली. तळहात खाली, छाती खाली. तिने व्हिडिओ मागे नेला. पुन्हा पाहिला. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेपुढे मयूरने डोळे खाली घातले.

"ठेका धरून देत होता," ती म्हणाली.

"भावोजी, तुम्ही माझा हात धरला होता," साईनाथ उठला. पोपटरावांनी त्याला खांद्याला धरून खाली बसवलं.

मयूरने घसा साफ केला. "मी त्याला श्वास घ्यायला सांगितलं. श्वास घ्यायला सांगणं गुन्हा आहे का? मलाही साईनाथसारखंच वाटायचं. चुकलं माझं."

"ऋतिकाला पाण्याबाहेर का काढलंत?" समृद्धीने विचारलं.

मयूर दाराकडे बघू लागला.

"दहा वर्षांच्या पोरीने धापा टाकल्या तर तुमची शिट्टी वाजते. मेहुण्याला मात्र तुम्ही हाताने ताल देता. अज्ञान असतं तर मी याला अपघात म्हटलं असतं. मला तुम्ही सांगितलं की बुडीचं काही कळत नाही. तेही खोटं, आणि साईनाथ आपणहून थांबला तेही खोटं. देवेश सही देत नव्हता. देवेश नसला की सही आईची, आईला सांगणार रुचिता, आणि रुचिताला सांगणार तुम्ही. टॉवरवाल्यांना तुम्ही काय शब्द दिलाय ते फौजदार साहेब विचारतीलच."

"सही मिळवून देण्याचा शब्द दिलाय यांनी," फौजदार माने म्हणाले. "ते लोक कालच बोलले. चला शिंदे."

मयूर उठला. चप्पल घालताना तो म्हणाला, "रुचिता, वकिलाला फोन कर." सवयीने म्हणाला, रोज काहीतरी सांगायचा तसं. रुचिता जागची हलली नाही.

"कोर्टात हे कितपत टिकेल, मला सांगता येत नाही," समृद्धी नंतर तिला म्हणाली. "व्हिडिओ आहे, साईनाथची साक्ष आहे. हाताच्या हालचालीवर वकील रान उठवतील. पण बैठकीत आज काय बोलायचं ते गावाला कळेल."

धोंडीबा अजून दाराबाहेरच होता. "बाय, देवेशला दुखला काय?"

"नाही बाबा. त्याला वाटलं असेल, आई अजून हो म्हणत नाही."

म्हातारा भिंतीला टेकला आणि लहान मुलासारखा रडला. साईनाथने त्याला हाताला धरलं आणि दोघं बैठकीकडे निघाले. समृद्धीनेही पोपटरावांना खूण केली. पोपटराव मान खाली घालून मागून चालू लागले. शिस्तीच्या माणसाबद्दलचं आपलं मत त्यांना टोचत असावं.

ते पायऱ्या उतरत होते तेव्हा ओटीवर मायलेकीच उरल्या होत्या. रुचिताचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

"आई, तो धोंडीबाची रीत सोडायला तयार नव्हता. मीच त्याच्या मागे लागले. म्हटलं, मयूर शिकलेला आहे, तो सांगतो तसं कर. मीच गं."

कलावतीने मांडीवरचं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं.

"म्हायती हाय मना. तो बोलला होता. बोलला, आये, मना हा पटत नाय, पन ताई सांगते म्हनून जातंव ठान्याला. ताईचा मन कसा मोडू?"

रुचिताने आईच्या पायांशी डोकं टेकलं. तिला उठवायला कलावतीने हात पुढे केला नाही.